दवाखान्याचे मासे

जना पाण्यात उतरायच्या आधी काठावर थोडा वेळ नुसती उभी राहायची. पाण्यावरची एखादी बारीक सुरकुती, गवताच्या काडीचं उगाच हललेलं टोक, एवढ्यावरून तिला कळायचं की इथं खवल्या आहेत आणि तिथं मुऱ्या चिखलात तोंड खुपसून बसल्यात. मग लुगडं वर खोचून ती आत शिरायची ती पाय न उचलता, घसटत. फाटक्या लुगड्याचा एक तुकडा पाण्याखालून सरकवायचा, दोन्ही टोकं हलकेच उचलायची, की फडक्यात ओंजळभर मासळी फडफडत असायची.

हे सगळं तिला बुधी आत्यानं शिकवलं. मानमोडीच्या साथीत जनाची आई गेली, पाठोपाठ बाप गेला. जना तेव्हा न्हाती-धुती व्हायची होती आणि धाकटी मंगळी अंगावर पिती होती. पोशीर नदीच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी होती, तिथं आत्या राहायची. तिनं दोघींना उचलून आणलं. आत्याला दिवसभर लोकांच्या भातखाचरात राबायचं असे, त्यामुळे मंगळीला वाढवलं ते जनानंच. तांदळाची पेज बोटानं चाटवून, फडक्यात पाठीशी बांधून. मासळीला जाताना ती मंगळीला बांधावर पळसाच्या पानावर बसवायची आणि हाताला लागलेला पहिला मासा तिच्यापुढे टाकायची. मंगळी तो पकडायला बघायची, तो निसटायचा, ती खिदळायची.

आत्याचा एकच दंडक होता. पोटुशी मासळी हाताला लागली की परत पाण्यात सोडायची. ओढ्याच्या डोहात गेळाचं फळ ठेचून टाकलं की मासे गुंगून वर येतात, हे आत्याला ठाऊक होतं. पण तळ्यात तिनं ते कधी टाकू दिलं नाही. "तळ्याला दुसरीकडनं भर येत नाय गं," ती म्हणायची. "त्यातलं त्यातच वाढतं."

जनाचं लग्न झालं ते कातळवाडीच्या शुक्राशी. कातळवाडी म्हणजे ठाकुरवाडी स्टेशनच्या खाली, घाटाच्या पायथ्याशी असलेली पंधरा-वीस गवती झापांची वस्ती. वर डोंगराच्या कमरेवरून आगगाडी जायची, खाली झाडांच्या गर्दीत झापं. जना सासरी निघाली तेव्हा मंगळीनं तिच्या लुगड्याचा सोगा सोडला नाही. रडून रडून पोर निळी पडली. शेवटी शुक्राच म्हणाला, "राहू दे तिला पण. माज्या घरी आयती पोर आली." माणूस तसा होता. बोलायला थोडा, पण कुणाचं रडणं त्याला सोसायचं नाही.

वाडीच्या खालच्या अंगाला तळं होतं. मोठं नाही, एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठाला सहज ऐकू जाईल एवढंच. पण वैशाखातसुद्धा मधे पाणी राहायचं. काठाला लव्हाळे, एका कोपऱ्यात कुमुदाची पानं. त्यात खवल्या होत्या, मुऱ्या होत्या, झिंगे होते, आणि सगळ्यात जास्त होत्या त्या टिकल्या. बोटाच्या पेराएवढी मासळी, डोक्यावर चांदीचा एक ठिपका. पाण्याच्या अगदी वरच्या थरात त्या थव्यानं फिरायच्या, तेव्हा कुणीतरी मूठभर खडीसाखर पाण्यावर टाकल्यासारखं दिसायचं. पावसात बेडकांचा असा गदारोळ चालायचा की बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी जावं लागे. बेडकांच्या मागे दिवड साप यायचे, माशांच्या मागे खंड्या आणि बगळे.

आषाढ-श्रावणात वाडीतली नाचणी संपत आलेली असायची. नवं पीक यायला अवकाश असायचा. त्या दिवसांत कातळवाडी तगायची ती रानातल्या कंदांवर आणि जनाच्या सुकवलेल्या मासळीवर. दिवाळीनंतर ती मासळी कातळावर वाळत घालायची, मीठ लावून मडक्यात भरायची. थोडी कर्जतच्या बाजारात नेऊन तांदळाला बदलायची, उरलेली वाडीत ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याच्याकडे जायची. बायका तिला तळ्याची मालकीण म्हणायच्या. जनाला ते आवडायचं, पण ती तसं दाखवायची नाही.

मग रेल्वेनं घाटात नवी वाट काढायला घेतली. सुरुंग लागायला लागले. मातीसाठी जागोजाग खड्डे पडले, परक्या मुलखातले मजूर आले, त्यांची तंबूंची वस्ती झाली. शुक्रालाही दगड वाहायचं काम मिळालं. पहिल्याच पावसात ते खड्डे भरले आणि त्या वर्षापासून हिवतापानं वाडी धरली. ताप आधीही यायचा, पण असा नाही. एका घरात सगळेच एकदम थडथडत पडलेले, पाणी द्यायला कुणी उभं नाही. पोरांची पोटं डाव्या बाजूनं दगडासारखी होत. जनाचा पहिला मुलगा त्यात गेला. दुसरा पुढच्या वर्षी गेला, तो अजून नीट बोलतही नव्हता.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं चिंधी. फेकून द्यायच्या वस्तूकडे कुणाची नजर जात नाही, म्हणून. जना तिला दिवसाचंसुद्धा गोधडीत गुंडाळून ठेवायची. मंगळी आता मोठी झाली होती; ती चिंधीला मांडीवर घेऊन लव्हाळ्याच्या झाडूनं डास हाकत बसायची. तरी चिंधीला ताप आला. आला, गेला, पुन्हा आला. पोरीचे हातपाय काटक्या झाले.

त्याच सुमारास कर्जतहून हिवतापाचे इन्स्पेक्टर यायला लागले. दत्तोपंत त्यांचं नाव. काळी टोपी, धोतरावर कोट, हातात लांब दांड्याची पांढरी पळी. ते खड्ड्याखड्ड्याशी वाकायचे, पळीत पाणी घेऊन उन्हात धरायचे आणि त्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या लोकांना दाखवायचे. "ह्यातून डास होतात. डास चावला की हिव येतं," असं सांगायचे. कुणाला पटायचं, कुणाला नाही. पण ते हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या वाटायचे आणि पोरांच्या तोंडात गोळी घातल्यावर वर गुळाचा खडा द्यायचे, त्यामुळे लोक त्यांना मानायला लागले.

त्यांना पत्र्याचे डबे वाहायला माणूस हवा होता. शुक्रा त्या कामाला लागला. डब्यांत मासे होते. कर्जतला दवाखान्यामागे एक हौद बांधला होता, त्यात ते वाढवत. सगळे एकाच जातीचे. राखी रंगाचे, चपट्या डोक्याचे, तोंड वर वळलेले. सातासमुद्रापलीकडून आणलेत आणि डासांच्या अळ्या खातात, असं दत्तोपंतांनी सांगितलं. लोकांनी त्यांना नाव ठेवलं, दवाखान्याचे मासे. शुक्राला खाकी सदरा मिळाला. खांद्यावर कावड, दोन्हीकडे डबे, तोंडावर ओलं फडकं. कर्जतच्या डबक्यांपासून खालापूरच्या विहिरींपर्यंत तो ते मासे सोडत हिंडायचा. घरी आला की चिंधीकडे बघायचा आणि म्हणायचा, "आता जाईल हिव. बघशील तू."

एक दिवस तो दत्तोपंतांना वाडीत घेऊन आला. दत्तोपंतांनी तळ्याचं पाणी पळीत घेतलं, पाहिलं, पुन्हा दुसऱ्या जागी घेतलं.

"ह्या तळ्यात अळ्या फारशा नाहीत रे," ते म्हणाले. "आधी रेल्वेच्या खड्ड्यांचं बघू."

"सायेब, माजी दोन गेली," शुक्रा म्हणाला. "ही तिसरी. तळं आमच्या दारात हाय."

जना चिंधीला कडेवर घेऊन उभी होती. पोरीच्या अंगात त्या वेळीही ताप होता. तिचं डोकं जनाच्या खांद्यावर नुसतं पडलेलं होतं.

"सोडा ना दादा," जना म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

दत्तोपंतांनी पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं," ते म्हणाले. "नुकसान तर काही नाही. सोड, शुक्रा."

शुक्रानं डबा उचलला, पण जनानंच तो त्याच्या हातून घेतला. पोरीला त्याच्याकडे दिलं, पाण्यात गुडघाभर उतरली आणि डबा हळूच कलता केला. मासे बाहेर आले, क्षणभर एका जागी घोटाळले आणि लव्हाळ्यांत शिरले. जनानं पाण्याला हात जोडले.

त्या वर्षी चिंधीला ताप आला नाही. कोयनेलमुळे आला नाही की माशांमुळे, की तिच्या अंगानं आता तापाशी जुळवून घेतलं म्हणून, हे कुणी सांगू शकलं नसतं. पण पोर धरली. अंगावर मांस आलं. ती पळायला लागली. शुक्रा तिला कावडीच्या एका डब्यात बसवून वाडीभर फिरवायचा. त्या वर्षाइतकी सुखी जना आधी कधी नव्हती आणि नंतरही झाली नाही.

तळ्यातला बदल तिच्या लक्षात आला तो दुसऱ्या उन्हाळ्यात. फडक्यात दहा मासे आले तर सात दवाखान्याचे असायचे. ह्या माशांना अंडी नसायची. एका पोटुशीचं पोट तिनं नखानं दाबून पाहिलं तर आतून जिवंत पिल्लं बाहेर आली, डोळ्यांसकट, आणि तिच्या तळव्यावरच्या पाण्यात पोहायला लागली. ती बघतच राहिली. टिकल्या सापडायच्या त्यांची शेपटं कुरतडलेली, कल्ल्यांजवळ चावे. पाऊस आला तेव्हा बेडकांनी नेहमीसारखी काठाला अंडी घातली. त्यातून शेपटीवाली काळी पिल्लं बाहेर पडली आणि जनाच्या डोळ्यांदेखत राखी माशांनी त्यांच्या शेपट्या तोडल्या. चार दिवसांत काठ मोकळा झाला.

जनानं ते मासे रांधूनही पाहिले. सगळा काटा, आणि चव चिखलासारखी. सुकवले तर हाताला कोंडा लागावा तसे चुरले.

"तळं रिकामं व्हतंय," ती शुक्राला म्हणाली.

तो खाकी सदरा खुंटीला टांगत होता. "मासे तर लई दिसतात."

"ते न्हवं. आपले नाय राहिले. टिकल्या सपल्यात. मुऱ्या कुठंतरी एखादी. बेडूक बघ, मोजून वरडतात."

शुक्रा खाली बसला. चिंधी त्याच्या पाठीवर चढली. त्यानं तिचे दोन्ही हात गळ्यापुढे धरले.

"पोर जगली ना?" तो म्हणाला.

जना चुलीकडे वळली. शुक्रा पुन्हा कधी तसं म्हणाला नाही. पण त्या दिवसापासून तळ्याचं नाव दोघांच्या बोलण्यातून गेलं. ती तळ्यावरून आली की तो तिच्या टोपलीकडे बघायचं टाळायचा.

मंगळीचं लग्न त्याच वर्षी झालं. मुलगा मोहोपाड्याच्या बाजूचा, हिरू त्याचं नाव. पायी एक दिवसाची वाट. जना वऱ्हाडाबरोबर गेली तेव्हा तिनं तिथलं तळं पाहिलं. हिरूच्या झापामागेच होतं. काठाशी वाकली तर पाण्याच्या वरच्या थरात टिकल्यांचा थवा सरकत गेला. शुक्राचे डबे तिथपर्यंत पोचले नव्हते. लग्नघरात सगळे नाचत होते आणि जना तळ्याकाठी बसून राहिली. मंगळीला वाटलं, बहीण आपल्यासाठी रडते आहे.

पुढचा आषाढ वाडीला जड गेला. जनाच्या मडक्यांत तळाशी थोडा चुरा होता, तोही संपला. कमळ्या म्हणून वाडीतला जाणता म्हातारा होता, त्याच्या सुनेनं जनाच्या दारात येऊन विचारलं, "औंदा काय नाय काय?" जनानं मडकं उलटं करून दाखवलं. ती बाई तशीच माघारी गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर जनाला बरं वाटलं असतं. लोकांनी कंद उकडून खाल्ले, रानभाज्या खाल्ल्या, कुड्याच्या शेंगा खाल्ल्या. पोरांची तोंडं उतरली. आणि हिवताप काही गेला नव्हता. चिंधीला येत नव्हता, पण दुसऱ्यांच्या घरी येतच होता. वाडीवरून वाहणाऱ्या ओढ्याच्या पाण्यातही डास होतात, आणि तिथं वाहत्या पाण्यात हे मासे टिकत नाहीत, हे दत्तोपंतांना तेव्हा उमगायला लागलं होतं.

जना त्यांना भेटायला कर्जतला गेली. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. दत्तोपंत बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर शाल होती. त्यांनाही हिव भरत होतं.

"दादा, ते मासे परत न्या," ती म्हणाली. "पोर बरी हाय. आता न्या."

दत्तोपंत तिच्या शेजारी पायरीवरच बसले. "परत नेता येत नाहीत गं ते," ते सावकाश म्हणाले. "एक मादी राहिली तरी पुरते."

"मग आमच्या टिकल्या?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कोयनेलच्या गोळ्यांची एक पुडी मात्र आतून आणून तिच्या हातात ठेवली. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. शुक्राचं कामही मग बंद पडलं.

वैशाखात कमळ्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि तळं उपसायचं ठरलं. बायका-पुरुष, सगळे लागले. घागरी, टोपल्या, पत्र्याचे डबे. शुक्राही आला, सगळ्यांत खोल जागी उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत उपसत राहिला. मधल्या खळग्यातलं पाणी गढूळ होत गेलं आणि राखी मासे थरावर थर उसळायला लागले. लोकांनी ते टोपल्यांनी काढून कातळावर ओतले. कावळे जमले. जना चिखलात चाचपत होती. तिला मुऱ्या सापडल्या, थोड्याच, पण जिवंत. आणि लव्हाळ्याच्या मुळाशी एका भोकात काही टिकल्या. त्यांना तिनं हंडीत घेतलं, घरी सावलीत ठेवलं, रोज ओढ्याचं पाणी बदललं. चिंधीला हंडीला हात लावू दिला नाही.

पावसानं तळं पुन्हा भरलं. पाणी निवळल्यावर जनानं हंडीतली मासळी तळ्यात सोडली. श्रावणात टिकल्यांची पिल्लं दिसली. ती घरी येऊन शुक्राला म्हणाली, "हायेत." एवढंच म्हणाली, पण शुक्रा उठून तिच्यामागे तळ्यापर्यंत आला आणि दोघं काठाला बसून राहिले.

मग भादव्यात एक मोठा लोंढा आला. वरच्या अंगाला रेल्वेचे जुने खड्डे होते. त्यांत शुक्रानं स्वतःच सोडलेले मासे होते. खड्डे फुटून पाणी वाडीच्या वाटेनं खाली आलं आणि तळ्याला मिळालं. दसऱ्याला जनानं फडकं टाकलं तेव्हा त्यात सगळे राखी मासे होते. तिनं फडकं तसंच पाण्यात सोडून दिलं आणि घरी आली. त्यानंतर ती मासळीला गेली नाही. कोळशाच्या भट्टीवर लाकडं रचायच्या कामाला लागली. धुरानं तिचे डोळे सदा लाल असायचे.

मंगळीचं पहिलं मूल हिवात गेलं. दुसरं झालं, मुलगा. तो रांगायला लागला तेव्हा ती त्याला घेऊन कातळवाडीला आली. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "बाय, मला ते मासे दे. आमच्या तळ्यात सोडायला."

जनाचा हात चुलीशीच थांबला. "ते नको मागू."

"का? चिंधी जगली त्यानंच."

"त्यानंच जगली असं नाय गं मंगळी. गोळ्या व्हत्या. तुज्या तळ्यात टिकल्या हायेत अजून, त्याबी डासांची पिल्लं खातात. मी पाहिल्यात."

"खातात, तर माजं पयलं का गेलं?"

जनानं चुलीत लाकूड सारलं. शुक्रा दाराशी बसला होता. तो म्हणाला, "देऊया का?" जनानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो खाली बघायला लागला.

मंगळीचा आवाज चढला नाही. ती लहानपणीसारखीच बघत होती, सोगा धरून उभी राहायची तेव्हासारखी. "तू मला पेज चाटवून वाढवलंस," ती म्हणाली. "तुज्या पोरीसाठी सोडलेस. माज्या पोरासाठी नाय?"

"तुमची सगळी वाडी त्या तळ्यावर खाते," जना म्हणाली. "आमची बघ काय झाली ती. मी सांगते ते ऐक. गोळ्या ने." तिनं दत्तोपंतांनी दिलेल्या पुडीतल्या उरलेल्या गोळ्या फडक्यात बांधून मंगळीच्या हातात ठेवल्या. मंगळीनं त्या घेतल्या. सकाळी उठून, पोराला पाठीशी बांधून ती गेली. वळणावर मागे बघते का म्हणून जना उभी राहिली. तिनं बघितलं नाही.

कार्तिकात हिरूचा निरोप आला. पोर गेलं. गोळ्या दिल्या होत्या. त्या पुरल्या नाहीत.

जना तशीच निघाली. दिवस कलता पोचली. मंगळी उंबऱ्यात बसली होती. "ये," ती म्हणाली. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, भाकरी वाढली. दोघी समोरासमोर बसल्या. जनाला म्हणायचं होतं की मासे सोडले असते तरी ताप यायचा तो आलाच असता. ते खरंही असेल. पण ते तिच्या तोंडून निघालं नाही, कारण तिला ते नक्की ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. "अजून घे," मंगळी म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला.

त्यानंतर मंगळी माहेरपणाला आली नाही. जत्रेत गाठ पडली तर विचारपूस करायची, चिंधीच्या हातावर चणे ठेवायची, आणि हिरूच्या मागे निघून जायची. घरी जना कमी बोलायला लागली. शुक्रा भट्टीची लाकडं फोडायचा आणि ती रचायची. कधी तो मधेच कुऱ्हाड थांबवून तिच्याकडे बघायचा, जसं काही विचारायचं आहे. मग पुन्हा फोडायला लागायचा.

दोन पावसाळे गेल्यावर कळलं की मंगळीला दिवस गेलेत. निरोप तिनं पाठवला नव्हता. बाजारात कुणाकडून तरी कळलं. जना घरी आली, भाकऱ्या केल्या, शुक्राला आणि चिंधीला वाढलं. मग माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. शुक्रा उठला, डब्याला गंज चढला होता तो राखेनं घासून काढला, आणि दोघं तळ्यावर गेले. फडकं एकदाच टाकावं लागलं.

पहाटेला ती निघाली. डबा डोक्यावर, तोंडावर ओलं फडकं. वाटेत जिथं ओढा लागेल तिथं ती थांबायची आणि पाणी बदलायची, शुक्रा करायचा तसंच. दुपारनंतर मोहोपाड्याला पोचली तेव्हा मंगळी अंगण सारवत होती. शेणाच्या हातांनी ती उभी राहिली. डब्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या तोंडाकडे.

दोघी मागच्या तळ्यावर गेल्या. पाणी स्वच्छ होतं. डब्याची सावली पडली तशा टिकल्या सावलीत जमल्या, चारा टाकतील म्हणून.

"बाय," मंगळी म्हणाली, "तुला नको वाटत असंल तर राहू दे."

"धर तिकडनं," जना म्हणाली.

मंगळीनं दुसरी कड धरली. दोघींनी मिळून डबा कलता केला.

मंगळीला मुलगी झाली. तिलाही एकदा ताप आला, बरेच दिवस राहिला, पण गेला. पोर जगली. मंगळी पुन्हा कातळवाडीला यायला लागली, आणि जनाही तिच्याकडे जायची, भाचीला मांडीवर घेऊन बसायची, तिच्या केसांतल्या उवा काढायची. तिकडच्या तळ्याचं पुढे काय झालं ते तिनं विचारलं नाही. मंगळीनंही सांगितलं नाही. जना पुढच्या दारानं यायची आणि पुढच्या दारानंच जायची. झापाच्या मागच्या अंगाला ती परत कधी गेली नाही.